हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण मराठीत दोन सुरांत उच्चारली जाते. बोलणारा कौतुकाने बोलत असेल, तर तिचा अर्थ ‘एवढ्या आवडीपुढे पैशाची काय मातब्बरी’ असा होतो. तो वैतागलेला असेल, तर ‘या माणसाशी हिशेबाची भाषा बोलण्यात अर्थ नाही’ असा होतो. सूर कोणताही असो, परिणाम एकच होतो. वही मिटली जाते आणि ज्या गोष्टीविषयी विचार व्हायला हवा होता ती विचाराच्या कक्षेबाहेर ढकलली जाते. प्रस्तुत लेख या म्हणीच्या विरोधात आहे. हौसेला मोल असते, ते रुपयांत सांगता येते आणि ते सांगितल्याशिवाय हौसेचे समर्थन करता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

निमित्त आहे ते जुन्या मोटारीवर होणाऱ्या खर्चाचे. विषय साहित्याच्या वाचकांना परका वाटण्याची शक्यता आहे. परंतु ‘उपयोग काय?’ हा प्रश्न ज्यांना उभा जन्म विचारला जातो, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हा वाद मुळात अनोळखी नाही. शिवाय रोलाँ बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सित्रोएनच्या तेव्हाच्या नव्या मोटारीवर लिहिताना मोटारींची तुलना थेट गॉथिक कॅथीड्रलांशी केली होती. तेव्हा या विषयाला समीक्षेच्या अंगणात प्रथमच प्रवेश मिळतो आहे, असेही नाही.

उदाहरण घ्यायचे ते आपल्याच घरचे घेऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४०च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सची उभारणी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४च्या ‘डिलाइट’ची वंशज म्हणून १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव रूढ झाले आणि विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगखाली बसवलेला गिअरचा दांडा, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. या वर्णनात थोरवी सांगावी असे काहीही नाही. ही गाडी श्रेष्ठ होती म्हणून घराघरांत पोहोचली नाही. परवाना पद्धतीमुळे ग्राहकापुढे दोन-तीनच पर्याय होते आणि त्यांसाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून ती पोहोचली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिने धारण केले. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यातील कारखान्याच्या जागी आता निवासी आणि व्यापारी संकुल उभे आहे. जुन्या सुट्या भागांसाठी मात्र लोक आजही कुर्ल्यातच सीएसटी रोडला जातात. ज्या उपनगरात ही गाडी जोडली गेली, तिथेच तिचे अवयव सुटे होऊन विकले जातात.

अशी एक गाडी, १९८५ साली नोंदलेली, मी बाळगून आहे. मोलाची गोष्ट काढली असल्याने आकडे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाडी ९०,००० रुपयांना घेतली. सडलेला पत्रा कापून नवा जोडणे आणि रंग यांना १,३५,००० लागले. इंजिन उघडून बोअर करणे, पिस्टन, हेड यांना ५८,०००. ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग आणि टायर यांना ६२,०००. एकूण ३,४५,००० रुपये. गाडी वर्षाकाठी दीडेक हजार किलोमीटर चालते. ‘एवढ्या पैशात चांगली वापरलेली नवी गाडी आली असती,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याला आता सुभाषिताची कळा आली आहे. वाक्य खरे आहे. त्यातून निष्कर्ष काय निघतो, एवढाच प्रश्न आहे.

या वाक्याकडे वळण्यापूर्वी आपल्याच पक्षातील खोटे साक्षीदार बाद करणे आवश्यक आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांची बाजू जेवढी त्यांच्या टीकाकारांनी दुबळी केली नसेल, तेवढी त्यांच्या स्वतःच्या समर्थनांनी केली आहे.

पहिला खोटा साक्षीदार म्हणजे ‘गुंतवणूक’. पुढे किंमत वाढेल, असे सांगून खर्चाची लाज झाकली जाते. काही दुर्मिळ गाड्यांच्या बाबतीत ते घडते हे मान्य. पण लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आलेल्या गाडीला दुर्मिळतेचा भाव लावणे ही आत्मवंचना आहे. आणि समजा भाव वाढला, तरी तो विकल्याशिवाय हाती येत नाही. विकण्याच्या आशेवर केलेले प्रेम हा व्यापार झाला. व्यापार वाईट नव्हे, पण मग त्याला हौस म्हणू नये.

दुसरा साक्षीदार ‘तेव्हाच्या गाड्या दणकट होत्या’ असे सांगतो. पत्रा जाड म्हणजे माणूस सुरक्षित, हे समीकरणच चुकीचे आहे. अपघातात पुढचा भाग चेपत जाऊन धक्का शोषून घेतो, ही आजच्या गाडीच्या रचनेमागची शहाणी कल्पना आहे. जिथे पत्रा वाकत नाही, तिथे धक्का बसणाऱ्याच्या छातीपर्यंत पोहोचतो. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि सीटबेल्ट नव्हते. तिला दणकट म्हणणाऱ्याने ती पावसाळ्यात घाट उतरवून पाहावी.

तिसरा साक्षीदार पर्यावरणवाद्याच्या वेषात येतो. नवी गाडी तयार करताना होणारे उत्सर्जन आपण वाचवले, असे तो म्हणतो. अर्धसत्य! ते उत्सर्जन मोठे असते हे खरे. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले कार्ब्युरेटरचे इंजिन दर किलोमीटरला जो विषारी धूर सोडते, तो एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या गाडीच्या कितीतरी पट असतो. जुनी गाडी कमी चालते म्हणूनच सह्य ठरते. ती रोज चालवली, तर हा युक्तिवाद तिच्यावरच उलटतो.

चौथा साक्षीदार सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक आहे. तो म्हणजे स्मरणरंजन. ‘आमच्या लहानपणी काकांची फियाट होती’ येथून ही साक्ष सुरू होते आणि त्या काळात माणसे कशी साधी होती येथे संपते. ज्या व्यवस्थेत एक सामान्य गाडी मिळवण्यासाठी वर्षे मोजावी लागत, तिच्या टंचाईला साधेपणाचे नाव देणे हे इतिहासाचे विडंबन आहे. काकांची फियाट ज्यांनी दुरूनच पाहिली, अशा घरांतील मुलांना त्या साधेपणाविषयी काय वाटते, तेही एकदा विचारून पाहावे.

हे चौघे बाद केल्यावर शौकिनाच्या हाती काय उरते? उरते ते पाहण्याआधी फिर्यादीची उलटतपासणी करू.

‘एवढ्या पैशात नवी गाडी आली असती’ असे म्हणणारा स्वतःला हिशेबी समजतो. त्याचाच हिशेब मांडू. मोटारविम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना घसाऱ्याचे जे कोष्टक वापरले जाते, त्यात गाडी चार वर्षांची झाल्यावर पाचव्या वर्षासाठी तिची किंमत निम्मी धरली जाते. दहा लाखांच्या नव्या गाडीतून पाच लाख रुपये अशा रीतीने विरून जातात. कर्जावरचे व्याज वेगळेच. माझ्या संपूर्ण खर्चाहून ही रक्कम मोठी आहे. तरीही नवी गाडी घरासमोर उभी राहिली की शेजारी पेढे खातात, आणि जुनीच्या बोनेटखाली डोके घातलेल्या माणसाला मात्र खुलासा मागतात.

नवी गाडी रोज उपयोगी पडते, तिच्या घसाऱ्यात त्या उपयोगाचे मोल आहे, असा प्रतिवाद होईल आणि तो योग्य आहे. पण किती? एकटा माणूस सात आसनांच्या गाडीतून कार्यालयात जातो, छताला काचेची खिडकी आहे म्हणून वरच्या दर्जाची आवृत्ती घेतो, चिखल न पाहिलेल्या चाकांना चिखलातून बाहेर काढणारी यंत्रणा विकत घेतो. गरजेच्या वर उरणारा हा सगळा भाग हौसच आहे. थॉर्स्टीन वेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे जे विश्लेषण केले, त्याचे मर्म असे की असा खर्च समाजाला वाया गेल्यासारखा वाटत नाही, कारण त्यातून प्रतिष्ठेची सर्वांना कळणारी भाषा बोलली जाते. जुन्या पद्मिनीवरचा खर्च त्या भाषेत काहीच बोलत नाही, म्हणून तो वेडेपणा ठरतो. याचा अर्थ आक्षेप खर्चाला नाही, अवाचनीय खर्चाला आहे. सर्वांना वाचता येईल अशी उधळपट्टी मान्य आणि स्पष्टीकरण लागणारी तेवढी अमान्य, या न्यायाला हिशेबीपणा म्हणता येणार नाही.

शासनाची दृष्टीही याच न्यायाने घडलेली दिसते. खासगी मोटारीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. त्याचे ६०० रुपयांचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. दुसरीकडे जुलै २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ हा सन्मान दिला. त्यांना वेगळी नोंदणी आणि वेगळी क्रमांकपट्टी मिळते. अट अशी की ती नेहमीच्या वापरात असता कामा नयेत. या दोन नियमांच्या मधली पोकळी पाहा. १९८५ची गाडी वीस वर्षांची झाल्यापासून नकोशी आहे आणि २०३५ साली वारसा ठरण्यास पात्र होईल. मधली तीस वर्षे तिने काय करायचे? जी वस्तू त्या तीस वर्षांत भंगारात जाईल, ती पन्नासाव्या वर्षी वारसा म्हणून येणार कोठून? कोणीतरी स्वतःच्या खिशातून त्या वर्षांचा खर्च सोसल्याशिवाय एकही वस्तू वारशापर्यंत पोहोचत नाही.

साहित्याच्या वाचकाला ही पोकळी परिचित असावी. ग्रंथालयात ताजी पुस्तके ठेवतात आणि अभिजात पुस्तके जपतात. यांच्या मधल्या, चाळीस वर्षांपूर्वी छापलेल्या, पुनर्मुद्रण न झालेल्या पुस्तकांच्या मात्र रद्दीत निघण्याच्या याद्या तयार होतात. अशा पुस्तकाची प्रत कोणी पदपथावरून उचलून, शिवून, पुठ्ठा घालून ठेवते. पुढे अभ्यासक येतो आणि त्याला ‘दुर्मिळ’ म्हणतो. दुर्मिळ वस्तूच्या मागे बहुधा एक हट्टी मनुष्य आणि त्याने कोणाला न सांगितलेला खर्च असतो.

नियमातील ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचीही चिकित्सा व्हायला हवी. ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? कोणताही एक अवयव रथ नाही आणि अवयवांवेगळाही रथ नाही. चाळीस वर्षे चाललेल्या मोटारीत रबर, तारा, पत्रा, पिस्टन सारे बदललेले असते. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तेव्हा तिच्या संपादकांचा दावा उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येईल तेवढा जुना पाठ सिद्ध करण्याचा होता. व्यासांची स्वहस्तलिखित प्रत सापडल्याचा नव्हता. जुन्या गाडीच्या बाबतीतही हाच विवेक हवा. मूळ स्क्रू मिळावा म्हणून हजारो रुपये मोजणारा आणि मिळाल्यावर गाडी कापडाखाली झाकून ठेवणारा संग्राहक हा ग्रंथ न वाचता बांधणी कुरवाळणाऱ्याचा भाऊ आहे. मी ब्रेक सुधारून घेतले आणि सीटबेल्ट बसवले. शुद्धतावाद्यांना हा प्रक्षेप वाटला तर त्यांनी तो अवश्य तळटीपेत नोंदवावा.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ज्या देशात असंख्य लोकांना दवाखान्याचा खर्च परवडत नाही, तिथे पावणेचार दशके जुन्या पत्र्यावर साडेतीन लाख घालणे नैतिक आहे काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही आणि ‘माझा पैसा, माझी मर्जी’ हे त्याचे उत्तर नाही. मराठी समीक्षेत फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद याच प्रश्नाचे वाङ्मयीन रूप होता. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी भूमिकांची जी तपासणी केली, तिच्यातून मला तरी एवढे कळले की सौंदर्यानुभव जगापासून सर्वस्वी तोडताही येत नाही आणि जगाच्या उपयोगात सर्वस्वी विरघळवताही येत नाही. कवितेला सामाजिक उपयुक्ततेचा दाखला मागणाऱ्यांपुढे आपण मान ताठ ठेवतो. ती ताठ मान टिकवायची असेल, तर दुसऱ्याच्या निरुपयोगी वाटणाऱ्या आवडीला तोच दाखला मागण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. मात्र ‘निरुपयोगी’ याचा अर्थ ‘बेहिशेबी’ असा होत नाही. म्हणून हौसेच्या खर्चाला मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : हा पैसा कोणाच्या वाट्याचा आहे? मुलीच्या शिक्षणाचा, वडिलांच्या औषधाचा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मारलेल्या इच्छेचा पैसा गाडीत जात असेल, तर ती हौस दुसऱ्याच्या पाठीवर बसलेली आहे. घरात पुरुषाची हौस ‘छंद’ ठरते आणि स्त्रीची ‘उधळपट्टी’, हे विसरून या विषयावर लिहिता येणार नाही. ज्या घरात गाडीसाठी वेगळी रक्कम निघते, पण गृहिणीच्या आवडीसाठी निघत नाही, तिथले सर्व समर्थन येथेच कोसळते.

दुसरा प्रश्न : हा पैसा जातो कोठे? गाडीची खरेदी वगळता माझे २,५५,००० रुपये खर्च झाले, त्यांत निम्म्याहून अधिक निव्वळ मजुरी होती. हातोडी आणि ठोकळा घेऊन पत्र्याला वळण देणारा डेंटर, कानाने टॅपेटचा आवाज ओळखणारा मिस्त्री, आसने शिवणारा कारागीर यांच्या हातात तो गेला. नव्या गाडीचा भाग चेपला, तर तो काढून दुसरा लावतात. तिथे कौशल्य भाग बनवणाऱ्या यंत्राकडे गेलेले असते. पत्रा घडवणारा हात रोज चालला नाही, तर एका पिढीत नाहीसा होतो, आणि त्याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरवलेले नाही. मौखिक परंपरांच्या लोपाविषयी चर्चासत्रे भरवणाऱ्यांनी एकदा गॅरेजात उभे राहून शिकाऊ पोरगा उस्तादाकडून काय आणि कसे शिकतो, ते ऐकावे.

तिसरा प्रश्न : वस्तू जगते आहे की नुसती ठेवलेली आहे? चालणारी गाडी तुमच्याकडून काही मागते. थंडीत चोक किती ओढायचा, चढावर गिअर केव्हा उतरवायचा, कोणता आवाज दुर्लक्षावा आणि कोणत्या आवाजाला थांबावे, हे शिकावे लागते. हे अवधान म्हणजेच त्या खर्चाचे फळ आहे. ते विकत मिळत नाही. पैसे भरून फक्त त्याची संधी मिळते.

या तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत खोल रूप मला ऋत्विक घटकांच्या १९५८च्या ‘अजांत्रिक’ या चित्रपटात दिसते. सुबोध घोष यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. बिमल नावाचा टॅक्सीचालक ‘जगद्दल’ नावाच्या मोडकळीला आलेल्या शेव्हरले गाडीवर जीव लावून असतो. लोक हसतात, वेडा म्हणतात. तो मिळकत तिच्यावर ओततो आणि अखेरीस ती गाडी भंगारात जाते. घटक बिमलला संत करत नाहीत आणि विदूषकही करत नाहीत. त्याचा खर्च फळाला आला, असेही ते दाखवत नाहीत. मोल पूर्ण चुकते होते, हातात गाडी उरत नाही. भंगारातून राहिलेला भोंगा एक लहान मूल वाजवते. पाहणाऱ्याच्या मनात तेव्हा ‘पैसे वाया गेले’ हा विचार उमटत नसेल, तर तो का उमटत नाही, हे सांगणे ही समीक्षकाची जबाबदारी आहे. माझे उत्तर असे की बिमलने कोणालाच फसवले नाही, स्वतःलाही नाही. किंमत माहीत असून त्याने ती दिली.

लालबहादूर शास्त्रींच्या फियाटची हकिकत त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलेली आहे. पंतप्रधानपदी असताना त्यांनी सुमारे बारा हजारांची गाडी घेतली, त्यासाठी बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढले आणि त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आहे. तिची अश्वशक्ती कोणालाच आठवत नाही. आठवतो तो हिशेब. कर्जाचा आकडा आणि ते कोणी फेडले हे माहीत आहे, म्हणूनच त्या वस्तूला अर्थ आहे.

तेव्हा शौकिनांना माझे सांगणे असे की गुंतवणूक, दणकटपणा, पर्यावरण आणि बालपण यांच्या आड लपू नका. कोणी विचारले तर आकडा सांगा, तो कोणाच्या संमतीने खर्च झाला ते सांगा, कोणाच्या हातात गेला ते सांगा आणि मग ‘मला हे आवडते’ एवढे वाक्य न लाजता उच्चारा. आणि टीकाकारांना सांगणे असे की प्रश्न अवश्य विचारा, पण तोच प्रश्न समोरच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या, हप्त्यांवर घेतलेल्या चकचकीत गाडीलाही विचारा. दोन्हीकडून प्रामाणिक उत्तर आले, तर हौसेला मोल नाही ही म्हण आपल्याला लागणारच नाही.